गुरू कोणाकोणाला दिसला?

खगोलशास्त्राचा ऐच्छिक वर्ग आणि त्याला जोडून चालणारा शाळांचा कार्यक्रम पुढच्या वर्षी ठेवायचा की बंद करायचा, हे मला शुक्रवारी संध्याकाळपर्यंत प्राचार्यांना सांगायचं होतं. "सक्ती काही नाही, मॅडम," ते म्हणाले. "तुम्ही दमलाय, दिसतंय सगळ्यांना. बंद केलंत तर कोणी नावं ठेवणार नाही." माणूस भला आहे. भल्या माणसांचं हेच वाईट, त्यांच्यावर धड रागावताही येत नाही.

बंद करायचं हे मी त्यांच्या खोलीतून बाहेर पडतानाच ठरवून टाकलं होतं. एक शेवटची शाळा कबूल केलेली होती, तेवढी उरकायची आणि मग फोन करून सांगायचं. मला हलकं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही, नुसती भूक लागली.

दमले होते हे मात्र खरं. कॉलेजात खगोल कोण घेतं? ज्यांना दुसऱ्या विषयात जागा मिळत नाही ते, आणि ज्यांना वाटतं की यात गणित नसतं ते. दुसऱ्या प्रकारचे पहिल्या पंधरवड्यातच तोंड पाडून बसतात. मागे एकदा मी त्यांना सलग आठवडाभर चंद्र बघून त्याची आकृती काढायला सांगितली. त्यातले निम्मे दिवस आभाळ गच्च भरलेलं होतं, तरी सगळ्या वर्गाला चंद्र रोज दिसला. एकाला तर तो ढगांच्या पुढेच दिसला असावा, इतकी सुरेख आकृती होती. मी सगळ्यांना रांगेनं शून्य दिलं आणि पुढच्या वेळी पुन्हा सगळ्यांना चंद्र दिसला. ये रे माझ्या मागल्या.

माझं नाव त्यांनी 'ग्रहण मॅडम' ठेवलंय. मला कळत नाही असं त्यांना वाटतं. मीही त्यांना नावं ठेवते, फक्त तोंडावर ठेवते. समोरच्या बाकावरची एक मुलगी पहिल्या सत्रात तासाला दहा शंका विचारायची. "पण मॅडम, असं कशावरून?" हे तिचं पालुपद. तिला मी 'शंकासूर' म्हणू लागले, वर्ग खो खो हसला आणि नाव चिकटलं. दुसऱ्या सत्रात तिच्या शंका बंद झाल्या. मला वाटलं, चला, हिला समजायला लागलं एकदाचं. शाळांत जाताना मदतीला मी तिलाच नेत असे, कारण तंबूचं एक टोक धरायला कोणीतरी लागतंच.

तंबू म्हणजे आमचा कापडी घुमट. पंख्यानं हवा भरली की फुगतो, मग मुलांनी एका बोळातून रांगत आत शिरायचं आणि गोल बसायचं. मधोमध संगणकाला जोडलेलं एक यंत्र ठेवलेलं असतं, ते छतावर हव्या त्या तारखेचं आकाश पाडतं. आत अंधार, पंख्याची घरघर आणि चाळीस जणांच्या मोज्यांचा वास. हा तंबू उचलायला पूर्वी माझा नवरा असायचा. तो आमच्याच कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळायचा, आणि आकाशातलं त्याला फारसं काही कळत नाही हे तो अभिमानानं सांगायचा. दोन वर्षांपूर्वी त्याची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेल्यासारखंच झालं. शब्द आत असतात, पण हवा तो हाताला लागत नाही. पाणी हवं असलं की खिडकी म्हणतो, मग स्वतःवरच चिडतो.

दिवसा त्याच्याजवळ माझी नणंद बसते. वरच्याच मजल्यावर राहते. तिचे उपकार आहेत आणि ती ते विसरू देत नाही. "वहिनी," ती म्हणते, "घरातला माणूस बघायचा सोडून आकाशात काय बघता हो एवढं?" याचं उत्तर माझ्याजवळ होतं एकेकाळी.

त्या शेवटच्या शाळेत जायच्या दिवशी सकाळी तंबूची शिवण उसवलेली सापडली. मी ठिगळ लावलं आणि ते हवा धरतंय का बघायला कॉलेजच्या सभागृहात तंबू फुगवला. शंकासूर गाडीची चौकशी करायला गेली. ठिगळ ठीक आहे का ते बघायला म्हणून मी आत शिरले आणि तिथेच आडवी झाले. दिवसभरात मला कोणी हाक मारत नाही अशी तेवढी एकच जागा होती.

त्या सकाळी नवऱ्यानं खाण्याची ताटली ढकलून दिली होती. रागानं नाही, हात वळला नाही म्हणून. पण सांडलेलं पुसताना मी त्याच्याकडे बघितलं नाही आणि त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. आडवं पडल्या पडल्या मला तो जुना, धडधाकट माणूस इतका हवासा वाटला की मी संगणक पुढे ओढला आणि यंत्रावरची तारीख मागे नेली. आठ वर्षं मागे, याच दिवसांतली एक संध्याकाळ. आम्ही दोघांनी मिळून पहिल्या शाळेत तंबू लावला होता ती. कार्यक्रम संपल्यावर शाळेच्या मैदानात गाडीला टेकून उभे होतो आणि वर रोहिणीच्या शेजारी गुरू झगझगत होता. आकाशातलं काही कळत नसणारा माझा नवरा म्हणाला होता, "ही रोहिणी मला माहितेय, तू लग्नानंतर दाखवली होतीस. पण तिच्या शेजारी हा कोण नवा भाडेकरू आला?"

तेव्हापासून मी सगळ्या शाळांत हेच सांगते. तारे म्हणजे घरमालक, जागचे हलत नाहीत. ग्रह म्हणजे भाडेकरू, आज या घरी, उद्या त्या घरी. मुलांना ते पटकन कळतं.

छतावर रोहिणी आली, शेजारी गुरू आला. मी बघत राहिले आणि मला रडू फुटलं. चांगलं मनसोक्त रडले, पंख्याच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार होतं? मग बाहेरून शंकासूरची हाक आली, "मॅडम, गाडी आलीय." मी पदरानं तोंड पुसलं, संगणक तसाच मिटला आणि तंबूतली हवा सोडली.

शाळेच्या मुख्याध्यापिकांनी माझी ओळख 'ज्योतिष शिकवणाऱ्या बाई' अशी करून दिली. मी दुरुस्त केलं नाही. वीस वर्षं दुरुस्त करतेय, एक दिवस राहिलं तर काय बिघडलं? मुलं रांगत आत आली, एकमेकांच्या पायांवर बसली, अंधार झाल्यावर रिवाजाप्रमाणे किंचाळली. मी यंत्र चालू केलं. चंद्र मी नेहमी काढून टाकते, नाहीतर त्याच्या उजेडात बाकीचं लपतं. कोपऱ्यात तारखेचे आकडे येतात तेही बंद ठेवते, त्यांनी अंधार बिघडतो. मग माझं तोंड सुरू झालं. खरंच, तोंडच सुरू होतं, मी तिथे नव्हते. या कृत्तिका, लहानशा घोळक्यानं बसलेल्या. हा मृग, हा त्याच्या मागे व्याध. ही लालसर रोहिणी. "आणि तिच्या शेजारी हा सगळ्यांत ठळक कोण? हा गुरू. भाडेकरू! आज घरी गेल्यावर बघायचा, बरं का. पुढच्या वेळी येईन तेव्हा विचारणार आहे, गुरू कोणाकोणाला दिसला."

"हो-ओ-ओ," सगळा तंबू ओरडला.

विचारायला गेले तो शुक्रवार उजाडला. सकाळीच प्राचार्यांचा निरोप होता, संध्याकाळी फोनची वाट बघतो. तंबू या वेळी नव्हता, नुसत्या वर्गात गप्पा मारायच्या होत्या. मी, शंकासूर आणि वर्गाच्या बाई. बाई तरण्या, हसतमुख, फळा पुसूनच ठेवला होता त्यांनी. मी खुर्चीत बसले आणि विचारलं, "हं, गुरू कोणाकोणाला दिसला?"

सगळा वर्ग हात वर करून उभा राहिला. काहींनी दोन्ही हात वर केले. "खूप मोठ्ठा होता!" "आमच्या गच्चीवरून दिसला!" "माझ्या बाबांनी पण बघितला!" बाई कौतुकानं म्हणाल्या, "मीही बघितला हो, काय सुरेख दिसतो!"

पहिल्या बाकावर एक अगदी बारकी मुलगी बसून राहिली होती. हात मांडीवर, मान खाली. पोरं म्हणाली, "मॅडम, मुंगीला नाही दिसला! मुंगीला काहीच दिसत नाही!" आणि हसली.

"हिचं जरा डोळ्यांचं असावं," बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, पण ते पहिल्या बाकाला ऐकू गेलंच. "म्हणून पुढे बसवलंय. घरी पण कळवलंय, तपासून घ्या म्हणून. तुम्ही म्हणाला होतात ना, चांगलं बघणाऱ्या मुलांना कॉलेजच्या दुर्बिणीवर नेऊ? त्यात हिचं नाव घेतलेलं नाही, उगाच बिचारीला काही दिसायचं नाही."

मुंगी रडत नव्हती. रडणं आवरून बसलेली होती, आणि ते बघवत नाही.

माझ्याकडे अशा वेळेसाठी एक तयार वाक्य आहे, आणि मी ते म्हणालेही. "असू दे हं. झाडाआड गेला असेल."

"झाड नाहीये," मुंगी म्हणाली. आवाज कापत होता, पण शब्द नीट होते. "मी तीनदा बघितलं. एकदा आईबरोबर. रोहिणी होती. लाल होती. कृत्तिका मी मोजल्या, सहा. शेजारी कोणी नव्हतं. मी पुष्कळ वेळ थांबले. आई म्हणाली, घरात चल, पण मी थांबले."

कृत्तिका सहा मोजणाऱ्या मुलीच्या डोळ्यांना काय झालंय? माझ्या वर्गातल्या निम्म्यांना त्या धुरकट ठिपक्यासारख्या दिसतात. मी तिचं वाक्य मनात पुन्हा म्हटलं. रोहिणीच्या शेजारी कोणी नव्हतं. बरोबर आहे, कुठून असणार? मीच तर कॉलेजात गेल्या आठवड्यात फळ्यावर काढून दाखवलं होतं की गुरू सध्या सूर्याच्या पलीकडे आहे, त्याच्या झळाळीत बुडालेला, महिनाभर तरी कोणाला दिसायचा नाही.

मी मागे वळून शंकासूरकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती.

"तुला माहीत होतं?" मी हळूच विचारलं.

"वाटलं होतं, मॅडम. तंबूतच वाटलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही म्हणालात, गुरू. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकत असेल."

आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? माझ्या वर्गाला ढगांतून चंद्र दिसतो, या वर्गाला सूर्यामागचा गुरू दिसतो. मुलं खोटारडी आहेत म्हणून नाही. शिकवणारी बाई 'बघा' म्हणत नाही, 'दिसला ना?' म्हणते, म्हणून. आणि जिला शंका यायच्या तिला मी हसण्यावारी नेऊन गप्प केलं होतं.

गप्प बसणं सोपं होतं, हेही सांगते. शेवटची शाळा, शेवटचा दिवस. ढगांवर ढकललं असतं, मुंगीला चष्मा लागला असता किंवा नसता, आणि मी घरी गेले असते. खरंच क्षणभर तसं मनात आलं, कारण उभं राहायचंसुद्धा त्राण नव्हतं. पण ती मुलगी माझ्याकडे बघत होती. माझं उत्तर खरं मानायला ती तयार होती, तिचे स्वतःचे डोळे खोटे ठरले तरी. ते मात्र माझ्याच्यानं झालं नाही.

मी उठले. "हात खाली करा सगळे," म्हणाले. "गुरू तिथे नव्हता."

हात खाली आले. मग एकजण रडवेला होऊन म्हणाला, "पण मला दिसला!"

"व्याध बघितला असशील, तोही ठळक असतो. किंवा काहीच नसेल बघितलं. मला त्याचा राग नाही. चूक माझी आहे. त्या दिवशी तुम्हाला मी आजचं आकाश दाखवलं नाही. आठ वर्षांपूर्वीचं दाखवलं. तारखेचा काटा मागे नेला होता आणि परत पुढे आणायला विसरले. तारे घरमालक, ते होते तिथेच आहेत, म्हणून कोणाला कळलं नाही. मलाही नाही. पण भाडेकरू केव्हाच घर सोडून गेला होता. आख्ख्या वर्गात ते एकीलाच कळलं." मी मुंगीजवळ गेले. "तुझे डोळे उत्तम आहेत, बाळ. माझ्यापेक्षा चांगले. तू बघितलंस तेच खरं होतं."

वर्गाच्या बाई लालबुंद झाल्या होत्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. पण बाई भली निघाली. "मलाही नव्हता दिसला," ती एकदम म्हणाली, सगळ्यांसमोर. "विमान दिसलं होतं. मला वाटलं तोच असेल." मुलं हसली, ती स्वतःही हसली, आणि मग एकेक हात पुन्हा वर यायला लागला. मला पण नाही. मी गच्चीवर गेलोच नाही. मी झोपले होते. गुरू न दिसलेल्यांनी वर्ग भरून गेला.

मुंगीनं नाक पुसलं. "मग तो आता कुठे आहे?"

"सूर्याच्या पलीकडे. महिना-दीड महिन्यानं बाहेर येईल. पहाटे, पूर्वेला, उजाडायच्या आधी."

"तुम्ही दाखवायला याल?"

नाही, असं सांगायचं होतं. कार्यक्रम बंद होतोय, असं सांगायचं होतं. वाक्य तयार होतं, आठवडाभर घोकलेलं.

"येईन," मी म्हणाले.

"आणि नाही दिसला तर?"

"तर नाही दिसला म्हणून सांग. माझ्या तोंडावर सांग."

तेव्हा मागून शंकासूरचा आवाज आला, किती महिन्यांनी. "पण मॅडम, महिन्यानं दिसेलच असं कशावरून? इतक्या खाली असेल तर समोरच्या इमारती आड येतील ना?" मी वळून तिच्याकडे बघितलं. "बरोबर," म्हटलं. "जागा आधी बघून ठेवावी लागेल. तू बघ." तिनं मान डोलावली. मी तिला शंकासूर म्हणाले नाही.

घरी पोचले तेव्हा नवरा खिडकीशी खुर्चीत होता आणि नणंद त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवत होती, मथळ्यांवर स्वतःची टीका जोडत. मी चपला काढल्या आणि त्याच्यासमोर जमिनीवरच बसले. सगळं सांगितलं. त्या दिवशी सकाळी सांडलेलं पुसताना त्याच्याकडे न बघण्यापासून सांगितलं. तंबूत जाऊन रडले तेही सांगितलं, नणंदेच्या देखत. ती वर्तमानपत्राची घडी घालत राहिली आणि पहिल्यांदाच काही बोलली नाही.

गुरूच्या जागेपर्यंत आले तसं त्याचं तोंड डावीकडून हसायला लागलं. तो शब्द शोधत होता. मी थांबले. सवय आहे, पण मी बहुतेक वेळा मध्येच शब्द पुरवते, कारण भात उकळत असतो, फोन वाजत असतो. या वेळी पुरवला नाही.

"घर," तो म्हणाला. मग पुष्कळ वेळानं, "बदललं. त्यानं."

"हो," मी म्हणाले. "त्यानं घर बदललं."

फोन वाजला. प्राचार्य होते. त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "काय ठरवलंत, मॅडम?" मी म्हणाले, "चालू ठेवायचं. पण मी एकटी तंबू उचलणार नाही, आणखी माणूस द्या." ते म्हणाले, बरं. त्यांना बहुतेक वाईटच वाटलं माझ्यासाठी.

"आणि वहिनी, पहाटे जाणार म्हणताय तर दादाजवळ कोण बसणार?" नणंदेला आवाज परत सापडला होता. "मला उजाडायच्या आधी उठवायचं नाही, आधीच सांगून ठेवते."

नवऱ्यानं डावा हात वर केला. वर्गातल्या मुलांसारखा, सरळ वर.

"मी पण," तो म्हणाला. शब्द शोधावा लागला नाही.

माझ्या खांद्यात कळ आली. चाकाची खुर्ची, ती गाडीत चढवायची, गरम कपडे, मैदानातले खड्डे, आणि एवढं करून त्या दिवशी ढग असले तर? मी त्याच्याकडे नीट बघितलं. हात अजून वरच होता.

"बरं," मी म्हणाले. "पण दिसला नाही तर कुरकुर करायची नाही."